मागच्याची मान

“माझ्याइतकी मान खाली घालणं या गावात दुसऱ्या कुणालाच जमत नाही,” असं तो एकदा जेवता जेवता म्हणाला होता, आणि वाढायला उचललेली पळी तशीच धरून बायको त्याच्याकडं बघत राहिली होती. तिला वाटलं, गंमत करतोय. पण तो शांतपणे घास चावत होता. हात चांगला चालतो किंवा दृष्टी अजून शाबूत आहे असं सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं होतं.

तो न्हावी होता. चर्चच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खुर्च्यांचं सलून. त्यातल्या एका खुर्चीवर तो काम करायचा आणि दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं बसलेली असायची. दिवसभर तो लोकांना मान खाली घालायला लावायचा. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दोन बोटं ठेवायची, किंचित दाबायचं आणि म्हणायचं, “मान खाली.” मग समोर बँकेचा साहेब असो नाहीतर हवालदार, मान खाली जायचीच. मानेवरची लव काढताना त्याला माणसाचा तो भाग दिसायचा, जो त्या माणसाला स्वतःला कधीच दिसत नाही. पंचवीस वर्षांत या विषयात त्याचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं. पोस्टमनची मान चटकन खाली जाते, पण तितक्याच चटकन वर येते. हेडमास्तरांची मान खाली जातच नाही, नुसती हनुवटी आत जाते. नळ दुरुस्त करणारा मान इतकी खाली घालतो की तो झोपला की काय अशी शंका येते, आणि बहुतेक वेळा तो झोपलेलाच असतो. घरी आल्यावर हे सगळं तो बायकोला ऐकवायचा. ती शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता ऐकून घ्यायची. तिची मान कशी आहे हे मात्र त्यानं कधी सांगितलं नाही.

त्याचं नाव गावात कुणी घेत नसे. सगळे त्याला ‘मागचा’ म्हणत, आणि त्याचं कारण चर्चमध्ये होतं.

दरवर्षी एका रविवारी चर्चमध्ये दहा मिनिटांचं छोटं नाटक व्हायचं. गोष्ट येशूनं सांगितलेलीच. दोन माणसं प्रार्थनेला येतात. एक पुढं वेदीजवळ उभा राहून देवाला आपले गुण मोजून दाखवतो. दुसरा मागं, दाराजवळच्या खांबाशी थांबतो. वर बघायचीही त्याला हिंमत होत नाही. देवाला आवडतो तो मागचा. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी हे लिहून काढलं होतं. पुढच्याला दीड पान भाषण होतं. मागच्याला एकच वाक्य होतं, “देवा, माझं चुकलं, मला पदरात घे.” एवढं म्हणून छातीवर मूठ आपटायची, की संपलं.

गेली सतरा वर्षं मागचा न्हावी करत होता, आणि पुढचा करत होता त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, बेकरीवाला.

आता गावाची गंमत अशी, की नाटक दहा मिनिटांत संपायचं, पण लोक ते वर्षभर संपू देत नसत. बेकरीवाल्यासारखा गरीब माणूस शोधून सापडला नसता. तरी सतरा वर्षं तो वेदीजवळ उभा राहून छाती काढून बोलत आला होता, त्यामुळं लोक त्याच्याकडं तिरक्या नजरेनंच बघायचे. पाव घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, “काय मोठे साहेब, आज आमच्याशी बोलणार ना?” त्याच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी तर सरळ विचारलं होतं, की मुलीचे वडील म्हणजे तेच का, जे स्वतःची एवढी तारीफ करतात? शेवटी बेकरीवाल्यानं कुठलंही बोलणं “माझंच चुकलं असेल” इथूनच सुरू करायची सवय लावून घेतली. पाव करपला तर माझंच चुकलं असेल, ऊन पडलं तरी माझंच चुकलं असेल.

न्हाव्याचं उलट झालं. मागचा म्हणून त्याला जो मान मिळू लागला, त्याचं काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रांगेत तो सगळ्यांना पुढं सोडायचा, आणि सोडलं हे सगळ्यांना कळेपर्यंत तिथंच उभा राहायचा. एका लग्नात सगळ्या वऱ्हाडाचा फोटो काढायचा होता. तो शेवटच्या ओळीत जाऊन उभा राहिला. चार लोकांनी हाताला धरून पुढं आणलं, हा परत मागं. शेवटी वैतागून फोटोग्राफरनं आपलं यंत्र उचललं, वऱ्हाडाच्या पाठीमागं नेऊन ठेवलं आणि सगळ्यांना वळून उभं राहायला सांगितलं. तर हा सगळ्या ओळी ओलांडून पुन्हा पलीकडच्या टोकाला. त्या फोटोत नवरीचे डोळे मिटलेले आहेत आणि हा तेवढा स्पष्ट आला आहे.

बायकोला या सगळ्याचा कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा साधा नव्हता. कारण पहिल्या वर्षीचं तिला माहीत होतं.

त्या वर्षी त्यांची पहिली मुलगी जन्मून नवव्या दिवशी गेली होती. त्याला अकरा दिवस झाले होते. रविवारी तो चर्चला उशिरा आला, पुढं यायची ताकद नव्हती म्हणून दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला. नेमका त्या दिवशी मागच्याचं काम करणारा माणूस तापानं आजारी पडला होता. मास्तरीणबाईंनी इकडंतिकडं बघितलं, खांबाशी मान खाली घालून उभा असलेला तरुण न्हावी दिसला, आणि त्यांनी जाऊन त्याच्या कानात ते वाक्य सांगितलं. त्यानं ते म्हटलं. तो कुणाशी बोलत होता हे त्याच्या बायकोला कळलं, बाकीच्यांना वाटलं काम छान झालं. अख्खं चर्च रडलं.

दुसऱ्या वर्षी लोकांनी त्यालाच उभं केलं. तेव्हा त्यानं बायकोला विचारलं होतं, गेल्या वर्षी मी नेमका कसा उभा होतो? डावा खांदा खाली होता का? ती उठून आत गेली. मग त्यानं गिऱ्हाइकाला डोक्याची मागची बाजू दाखवायचा तो हातातला आरसा घेतला, भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभा राहिला आणि स्वतःची मान शोधायला लागला. सोळा वर्षं तो ती मान शोधत होता. दर वर्षी ती थोडी अधिक सुबक होत गेली. लोक अधिक रडत गेले. बायको मात्र तिसऱ्या बाकावर बसून आपल्या हातांकडं बघत राहायची.

सतराव्या नाटकानंतर काही महिन्यांनी बेकरीवाल्याचा घसा गेला. आयुष्यभर नाकातोंडात पीठ गेलेलं. डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन केलं आणि सांगितलं, वर्षभर बोलणं बंद, अगदी अडलंनडलं तर दोनचार शब्द. तेव्हापासून तो गळ्यात लहान मुलांची पाटी अडकवून पाव विकायचा. पाटीच्या वरच्या कोपऱ्यात ‘माझंच चुकलं असेल’ एवढं त्यानं कायमचं लिहून ठेवलं होतं, दरवेळी लिहायला नको म्हणून.

चर्चमध्ये नवे फादर येऊन तीनच महिने झाले होते. सरळ, कामसू माणूस. त्यांनी हिशोब केला: पुढच्याला दीड पान बोलायचं असतं, मागच्याला सहा शब्द. तेव्हा या वर्षी दोघांनी कामं बदलावीत. हे सांगायला त्यांनी न्हाव्याला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेली सायकल. न्हावी खुर्चीवर बसला नाही, सायकलच्या मागं जाऊन उभा राहिला.

आधी त्याला वाटलं, फादर थट्टा करतायत. मग त्यानं समजावून सांगितलं. भाषण काय, कुणीही पाठ करील, पोपटही करील. पण मागच्याचं तसं नाही.

“फादर, मागच्याचं काम तोंडानं होत नसतं,” तो म्हणाला. “ते मानेनं होतं.”

फादरांनी थोडा विचार केला. “मान तर त्यांनाही आहे,” ते म्हणाले.

न्हावी घरी आला तो तोंड पाडूनच. बायकोला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांत हातात कात्री आणि वस्तरा सोडून काय लागलं, तर एवढं एक काम लागलं. शेजारच्या गावात थोरला भाऊ डॉक्टर झाला, त्याला त्याच्या नावानं ओळखतात. आपल्याला लोक ओळखतात ते मागचा म्हणून. ते काढून घेतलं तर सलूनच्या पाटीवर काय लिहायचं?

बायकोनं मशीनचा पाय थांबवला. “बरं झालं,” ती म्हणाली. “आता तरी तिला सुटू द्या.”

कुणाला, असं त्यानं विचारलं नाही. पण ती बोलली ते ऐकूही आलं नाही असं दाखवून तो आरसा शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मेहुण्याला दाढीला बोलावलं, फुकट. तोंडाला साबण लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि मागच्याचं काम किती अवघड आहे हे सांगायला सुरुवात केली. गळ्याशी वस्तरा असलेला माणूस जसं ऐकतो तसं बेकरीवाल्यानं ऐकलं. मग पाटीवर लिहिलं, ‘दाजी, तुम्हीच करा. माझी लायकी नाही.’ न्हाव्यानं ती पाटी त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि अर्धी दाढी तशीच सोडून फादरांकडं धावला.

फादरांनी पाटी वाचली. म्हणाले, जो माणूस लायकी नाही म्हणतो, तोच मागच्यासाठी बरोबर. यावर न्हावी म्हणाला की मग माझीही लायकी नाही. फादर म्हणाले, ठरलं तर मग, तुम्ही पुढचा करा. न्हाव्यानं पाटी उचलली आणि निघाला. गल्लीत परत आला तेव्हा बेकरीवाला साबण वाळलेल्या तोंडानं खुर्चीवर तसाच बसून होता. मान खाली घालून.

न्हाव्यानं पुढचा करायला साफ नकार दिला. दुसरा कुणीही तयार होईना, कारण बेकरीवाल्याची सतरा वर्षं सगळ्यांनी पाहिली होती. शेवटी फादरांनी रविवारच्या प्रवचनात एक गोष्ट सांगून टाकली, जी त्यांनी सांगायला नको होती. लोकांची बोलणी खायची तयारी ठेवून जो गर्विष्ठाचं काम घेईल, तो खरा नम्र, असं ते म्हणाले. झालं. सोमवारी दुपारपर्यंत पुढच्यासाठी नऊ नावं आली. हेडमास्तर, पोस्टमन, हवालदार, नळवाला, सगळे. सलूनमध्ये दिवसभर प्रत्येक गिऱ्हाईक सांगत होतं, की आपण किती नाइलाजानं पुढं होतोय. बुधवारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं, की आता पुढच्यालाच मान आहे. तेव्हा नम्रता म्हणून नऊच्या नऊ जणांनी आपापली नावं मागं घेतली आणि मागच्यासाठी दिली.

फादर थकले. शनिवारी त्यांनी जाहीर केलं, की ज्याला जिथं उभं राहावंसं वाटेल त्यानं तिथं उभं राहावं. पुढं कुणीतरी येईलच.

रविवारी न्हावी तासभर आधी चर्चमध्ये पोचला. अंगात मागच्याचा करड्या रंगाचा जुना झगा, पायात काही नाही. आपल्या खांबाशी जाऊन त्यानं डावा खांदा खाली केला आणि मान घातली. त्याचं म्हणणं साधं होतं, एकदा लोकांनी बघितलं की कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. बायको आली आणि नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली. तिचे गुडघे दुखत होते, शिवाय तिला कुठं उभं राहावंसं वाटत नव्हतं.

मग गाव आलं. एकशेतीस माणसं, आणि त्यातलं एकही बाकांकडं वळलं नाही. सगळे दाराजवळ थांबले. जो आला तो आधीच्याच्या मागं जायला बघू लागला. “हेडमास्तर, तुम्ही व्हा पुढं.” “छे, छे, माझी कुठली लायकी, तुम्ही व्हा.” पोस्टमननं दोघांच्या मधून अंग चोरून पायरी गाठली आणि तो चर्चच्या बाहेरच उभा राहिला. ते बघून हवालदार रस्त्यावर उतरला. नळवाला रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिथून मागं जायला जागाच नव्हती, म्हणून त्याला फार समाधान वाटलं. बेकरीवाला गर्दीत कुठंतरी होता, कुणाच्या तरी कोपराखाली.

वेदीजवळ फादर, बाजूला कागद घेऊन मास्तरीणबाई, तिसऱ्या बाकावर न्हाव्याची बायको. बाकी सगळं चर्च रिकामं.

न्हावी जागचा हलला नव्हता. पण सगळे मागं सरकत गेल्यामुळं आता तोच सगळ्यांच्या पुढं होता. हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यानं मान खालीच ठेवून पाठीनं मागं रेटायला सुरुवात केली. पण एकशेतीस नम्र माणसांची भिंत कसली हलतेय. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून, अगदी आदरानं, त्याला पुढं ढकललं.

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी खूण केली आणि सगळे एकदम म्हणू लागले. देवा माझं चुकलं, देवा माझं, चुकलं मला, पदरात घे. कुणी आधी, कुणी नंतर. मुठी छातीवर आपटत होत्या, धोबीघाटावर येतो तसा आवाज येत होता. न्हाव्यानं वळून बघितलं. समोर सगळ्या ओळखीच्या माना, आणि एकही धड नाही. हेडमास्तरांची नुसती हनुवटी आत. एकानं मान घातली होती ती कडेला, उशीवर ठेवल्यासारखी. एकजण मान खाली घालून डोळ्यांनी शेजाऱ्याची मान किती खाली गेलीय ते बघत होता.

त्याला ते बघवेना. तो समजवायला लागला, पण त्या गलक्यात ऐकू कुणाला येणार? म्हणून तो चार पावलं पुढं गेला. मग सगळ्यांना दिसावं म्हणून आणखी पुढं. बाकं ओलांडून तो वेदीच्या पायरीवर चढला, वळला, आणि त्याचा आवाज छताला भिडला.

“ही मान म्हणायची?” तो म्हणाला. “याला मान घालणं म्हणतात?”

मुठी थांबल्या. मग तो बोलतच सुटला. सतरा वर्षं आपण काय केलं ते त्यानं सांगितलं. रांगेत किती जणांना पुढं सोडलं, लग्नात कुठं उभा राहिलो, किती जणांना रडवलं. यातल्या एकालाही नम्रतेचा न सुद्धा कळत नाही, हा पोस्टमन बघा, तो हवालदार बघा. बोलता बोलता तो वेदीकडं वळला, कारण आता हे माणसांना सांगून उपयोग नव्हता.

“देवा, तूच बघ,” तो म्हणाला. “तुझे उपकार, की मी यांच्यासारखा नाही.”

मास्तरीणबाई कागदावर बोट ठेवून वाचत होत्या. शब्द इकडचे तिकडं होत होते, पण ओळीनं सगळं येत होतं. दीड पान संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं भाषण इतकं खरं म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली. मग दाराजवळची सगळी गर्दी टाळ्या वाजवू लागली, पायरीवरचा पोस्टमनही, रस्त्यापलीकडून काहीच न ऐकलेला नळवालाही. “काय पुढचा केला,” हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले. “असा पुढचा झाला नाही.”

टाळ्या न वाजवणारी दोन माणसं होती. एक त्याची बायको. दुसरा बेकरीवाला. तो गर्दीतून कसाबसा सुटला होता आणि रिकाम्या बाकांमधून घाईघाईनं पुढं येत होता, कारण त्याला वाटलं होतं की दाजींना भोवळ येतेय. पायरीशी येऊन त्यानं हात पुढं केला. घशातून फुटक्या हवेसारखा आवाज निघाला.

“दाजी,” तो म्हणाला, “बसा जरा.”

बायकोला नवऱ्याचा चेहरा तिथून स्पष्ट दिसत होता. तो टाळ्या ऐकत होता. एकेक टाळी त्याला कळत होती, उशिरा, एखादी बातमी कळावी तशी. त्याचं तोंड उघडलं. आता हा काहीतरी बोलणार असं तिला वाटलं, आणि तिनं पहिल्यांदाच हातांकडं न बघता त्याच्याकडं बघितलं. तोंड थोडा वेळ तसंच उघडं राहिलं आणि मिटलं.

त्यानं मेहुण्याचा हात धरला, पायरी उतरला आणि हात सोडला. तो बाकांमधून दाराकडं चालत गेला. त्याला वाट द्यायची तर कुणालातरी पुढं व्हावं लागलं असतं, आणि त्याला अजूनही कुणी तयार नव्हतं. तेव्हा लोक भिंतीला चिकटले, पोटं आत ओढली, आणि मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट झाली. कुणाच्या कोपराला, कुणाच्या खांद्याला घासत, आडवा होऊन तो बाहेर पडला.